एकदा कर दिलेला पैसा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात परभणी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणिसांनी या संमेलनात आम्ही दोन शब्द बोलावेत अशी इच्छा प्रदर्शित केली, आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी शिक्षण, संघटन, विवाहातील अनाठायी खर्च हे विषय नेहमीचे होत. ते महत्त्वाचे आहेत, आणि त्यांवर बोलणारे आमच्याहून अधिकारी वक्ते येथे उपस्थित आहेत. आम्ही मात्र एक रुक्ष विषय निवडला आहे. उतारवयासाठी बाजूला ठेवलेला पैसा, तो एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेण्याचा व्यवहार, आणि त्यावरील प्राप्तिकर, हा तो विषय. रुक्ष असला तरी तो आज आपल्या घराघरांत येऊन बसला आहे, म्हणून आपण थोडा धीर धरून ऐकावे अशी विनंती आहे.

प्रथम, हा विषय ज्ञातीच्या व्यासपीठावर कशासाठी, ते सांगितले पाहिजे. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ या तालुक्यांतून पसरलेली आपली कुटुंबे पिढ्यानुपिढ्या शेतीवर जगत आली. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही. त्यामुळे कापूस विकला, ज्वारी विकली, पैसा घरात आला, तो कोणत्या वर्षाचा व त्यावर कर दिला की नाही, असा प्रश्न आपल्या आजोबांना कधी पडलाच नाही. जमिनीचे कागद आपण लोखंडी पेटीत जपून ठेवतो, सातबारा प्राणापलीकडे सांभाळतो; परंतु कराचे कागद सांभाळण्याची सवय आपल्या घरांना लागण्याचे काही कारणच घडले नाही. आता मात्र त्याच घरातील सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, धाकटा मुलगा पुण्याच्या कंपनीत आहे, आणि थोरला अमेरिकेत आहे. घर बदलले, उत्पन्न बदलले, परंतु कागदाची सवय जुनीच राहिली. या विसंगतीतून जे नुकसान होते, ते कोणी चोरी केल्याने होणारे नुकसान नव्हे. एकदा कर दिलेल्या पैशावर आपल्याच हाताने दुसऱ्यांदा कर देण्याचे ते नुकसान होय.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य गेले ते मुलांना अंकगणित शिकविण्यात. करसल्लागाराची जागा घेण्याचा आमचा हेतू नाही. त्याच्याकडे जाण्यापूर्वी आपण कोणते प्रश्न मनाशी घेऊन जावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

उतारवयाच्या कोणत्याही खात्याला तीन दारे असतात असे समजावे. पैसा आत शिरतो ते पहिले दार, आत वाढतो ते दुसरे, आणि बाहेर पडतो ते तिसरे. सरकार या तीनपैकी कोणत्या दारावर कर घेते, एवढे कळले की निम्मा विषय कळला. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचे उदाहरण घ्या. १९६८ च्या कायद्याने सुरू झालेल्या या खात्यात वर्षाला दीड लाखापर्यंत रक्कम भरता येते. जुनी करपद्धती स्वीकारणाऱ्यास भरतेवेळी वजावट मिळते, व्याजावर कर नाही, आणि मुदतीअंती रक्कम हाती येते तीही करमुक्त. तिन्ही दारे उघडी. बँकेतील मुदत ठेवीचे याहून वेगळे आहे; तिच्या व्याजावर वर्षाच्या वर्षाला कर लागतो, म्हणजे मधल्या दारावर पहारा आहे. ज्यांना जुने सरकारी निवृत्तिवेतन मिळते त्यांनी खात्यात काही भरलेले नसते. त्यांचे मासिक निवृत्तिवेतन पगारासारखेच करपात्र आहे, आणि सरकारी सेवकाने निवृत्तिवेतनाचा काही भाग विकून घेतलेली एकरकमी रक्कम, जिला अंशराशीकरण म्हणतात, ती करमुक्त आहे.

आता आपल्या तरुण शिक्षकांकडे वळू. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ रोजी अथवा त्यानंतर लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन राहिले नाही. त्यांच्यासाठी अंशदायी योजना आली आणि पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे बोलीत ज्याला एनपीएस म्हणतात त्यात, मिसळली. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातील कर्मचारी व शिक्षक संपावर गेले होते, हे आपणांस स्मरत असेलच. त्या वादाच्या गुणदोषांत आम्ही आज शिरत नाही. आपण पाहू ते एवढेच की, शिक्षिकेच्या मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम तिच्या पगारातून या खात्यात जाते आणि शासन आपल्याकडून १४ टक्के घालते. या दोन रकमांवर कोणत्या दारावर कर लागतो?

शासनाच्या हिश्श्याची वजावट जुन्या व नव्या दोन्ही करपद्धतींत मिळते. शिक्षिकेच्या स्वतःच्या हिश्श्याची गोष्ट वेगळी आहे. जुन्या पद्धतीत तिला दीड लाखाच्या एकूण मर्यादेत वजावट मिळे, आणि २०१५-१६ पासून आणखी ५० हजारांची जादा वजावट मिळू लागली. २०२० मध्ये नवी करपद्धती आली. २०२३-२४ पासून तीच मूळ पद्धती ठरली. म्हणजे जुनी हवी असेल तर तसे कळवावे लागते, न कळविल्यास नवी लागू होते. नव्या पद्धतीत दर कमी आहेत. २०२५-२६ या वर्षी तर बारा लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि नोकरदारास ७५ हजारांची प्रमाणित वजावट वेगळी मिळते. परंतु त्या पद्धतीत शिक्षिकेच्या स्वतःच्या हिश्श्याची वजावट नाही. याचा अर्थ असा की, नवी पद्धती घेतलेल्या प्रत्येक वर्षी तिचे १० टक्के हे वजावट न मिळालेले पैसे म्हणून खात्यात शिरतात. कर भरला असो वा सवलतीने शून्य झाला असो, पहिल्या दारावरचा हिशेब तेथेच संपला.

पुढे निवृत्तीच्या वेळी काय होते ते पाहा. समजा, एखाद्या शिक्षिकेच्या खात्यात ५० लाख रुपये साठले. सरकारी सेवकांच्या नियमाप्रमाणे त्यांतील ६० टक्के, म्हणजे ३० लाखांपर्यंत, ती एकरकमी घेऊ शकते, आणि ही रक्कम करमुक्त आहे. उरलेल्या २० लाखांचे वर्षासन विमा कंपनीकडून घ्यावे लागते. वर्षासन खरेदी करताना कर नाही. परंतु पुढे दरमहा जी रक्कम हाती येईल ती त्या त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते. समजा, कंपनीने साडेसहा टक्क्यांनी वर्षासन दिले, तर वर्षाला १ लाख ३० हजार रुपये येतील. घरात दुसरे फारसे उत्पन्न नसेल तर त्यावर प्रत्यक्ष कर पडणार नाही. परंतु मुदत ठेवींचे व्याज, घरभाडे, पतीचे निधन झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतन, हे सारे एकत्र आले म्हणजे हिशेब पालटतो.

येथे १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील एका कलमाचे शब्द फार विचार करण्यासारखे आहेत. कलम ८० सीसीडी, पोटकलम ३ असे सांगते की, ज्या रकमेबद्दल वजावट देण्यात आली आहे ती रक्कम व तिच्यावरील वाढ, ही खाते बंद केल्यावर अथवा त्यातून घेतलेल्या वर्षासनाच्या रूपाने परत आली की करपात्र उत्पन्न ठरते. करमुक्त असे ६० टक्के त्यातून वेगळे काढले आहेत. ‘ज्या रकमेबद्दल वजावट देण्यात आली आहे’ या शब्दांकडे लक्ष द्यावे. २०१५ ते २०२३ पर्यंत वजावट घेतलेली आणि नंतर नवी पद्धती स्वीकारल्याने वजावट न घेतलेली, अशा दोन जातींची रक्कम एकाच खात्यात पडलेली असते. विमा कंपनीजवळ या भेदाचा हिशेब नसतो. आपल्या विवरणपत्रातही हा हिशेब वर्षानुवर्षे पुढे नेणारा स्वतंत्र तक्ता नाही. उद्या करसल्लागाराने विचारले की, बाई, कोणत्या वर्षी किती रकमेची वजावट घेतली नव्हती, तर त्याचे उत्तर कोठे सापडणार? ते केवळ तिच्या स्वतःच्या कागदांत सापडेल. कागद नसेल तर कलमातील शब्दांचा लाभ मागण्यास आधारच राहत नाही. १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ चा नवा कायदा घेतो, त्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे आणि त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून सल्लागाराकडे जाताना क्रमांकापेक्षा हा प्रश्न ध्यानात ठेवावा.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून काम करणाऱ्या आपल्या मुलांसाठी याच जातीची एक गोष्ट सांगतो. एक नोकरी सोडून दुसरी धरताना कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम काढून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. सतत पाच वर्षांची सेवा होण्यापूर्वी रक्कम काढली तर सामान्यतः ती करपात्र होते, आणि पूर्वी घेतलेल्या वजावटीही त्यात ओढल्या जातात. तीच रक्कम नव्या मालकाकडील खात्यात हलविली तर पहिल्या नोकरीची वर्षे पाच वर्षांच्या हिशेबात धरली जातात आणि कर लागत नाही. रक्कम तीच, मालक तोच. एक काढणे झाले आणि दुसरे हलविणे झाले. या दोन शब्दांत जे अंतर आहे त्याची किंमत कधी कधी एका महिन्याच्या पगाराएवढी होते.

या ठिकाणी आपल्या वडीलधाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवेल. १९४८ पूर्वी आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि येथे हाली सिक्का चाले. मुंबई इलाख्यात माल घ्यावयास जाणाऱ्या व्यापाऱ्याला हाली रुपयांचे कलदार करून घ्यावे लागत. सुमारे सात हालीला सहा कलदार असा तो भाव होता, आणि सराफाचा बट्टा वेगळा. ज्याला भाव ठाऊक नसे तो सराफाच्या तोंडाकडे पाहत राही. नाण्याचे रूपांतर केले की काहीतरी द्यावे लागते. किती द्यावे लागते हे ज्याने आधी विचारले तो शहाणा, ही शिकवण आपल्या पूर्वजांना त्या व्यवहाराने दिली. आज त्याच प्रकारचे रूपांतर आपली मुले अमेरिकेत करीत आहेत, आणि तेथेही पुष्कळांना भाव ठाऊक नसतो. या सभागृहातील अनेक घरांतून मुलगा अथवा मुलगी तिकडे आहे, म्हणून तो विषय जरा विस्ताराने सांगतो.

अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने वैयक्तिक निवृत्ती खाते निर्माण झाले. त्याला तेथे आय. आर. ए. म्हणतात. आपण त्याला पारंपरिक खाते म्हणू. त्यात भरलेल्या रकमेची वजावट मिळते, आत वाढ होताना कर नाही, आणि बाहेर पडताना पूर्ण कर. म्हणजे कर तिसऱ्या दारावर. पुढे १९९७ च्या कायद्याने दुसऱ्या प्रकारचे खाते आले व ते १९९८ पासून चालू झाले. डेलावेअर राज्याचे सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावावरून त्याला रॉथ खाते म्हणतात. त्यात वजावट मिळत नाही, पैसा कर देऊनच आत जातो; परंतु खाते पाच वर्षांचे झाले व खातेदाराचे वय साडेएकोणसाठ झाले की मूळ रक्कम व वाढ दोन्ही करमुक्त बाहेर येतात. म्हणजे कर पहिल्या दारावर.

परंतु मोठ्या पगाराच्या लोकांसाठी या दोन्ही दारांवर अडसर आहेत. २०२५ सालचे आकडे घेऊ. पतिपत्नी एकत्र विवरणपत्र भरीत असतील आणि खातेदाराला नोकरीच्या ठिकाणी निवृत्ती योजना असेल, तर त्यांचे उत्पन्न १ लाख २६ हजार डॉलरच्या वर गेले की पारंपरिक खात्याची वजावट कमी होऊ लागते व १ लाख ४६ हजारांवर ती संपते. रॉथ खात्यात सरळ भरण्याची मुभा २ लाख ३६ हजारांपासून कमी होऊन २ लाख ४६ हजारांवर बंद होते. दोघेही संगणकाच्या व्यवसायात असलेले जोडपे या मर्यादा सहज ओलांडते. मग मार्ग उरतो तो असा की, पारंपरिक खात्यात वजावट न घेता पैसे भरावयाचे. १९८६ च्या कायद्याने ही सोय झाली, आणि २०२५ साली पन्नाशीच्या आतील माणसास तिची मर्यादा ७ हजार डॉलर होती. नंतर त्या खात्याचे रॉथ खात्यात रूपांतर करावयाचे. अशा रूपांतरावर पूर्वी असलेली उत्पन्नाची मर्यादा २०१० पासून उठली. तिकडे या वाटेला ‘मागचे दार’ असे म्हणतात. ती कायदेशीर वाट आहे.

आता या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला खड्डा गणिताचा आहे, आणि शाळेतील मिश्रणाची उदाहरणे ज्यांना आठवत असतील त्यांना तो लगेच कळेल. समजा, आपल्या मुलाने जुनी नोकरी सोडताना तेथील निधी पारंपरिक खात्यात आणून ठेवला. ते झाले ९३ हजार डॉलर, ज्यांवर कधीही कर दिलेला नाही. यंदा त्याने कर दिलेले ७ हजार डॉलर त्यात टाकले. एकूण १ लाख. आता तो म्हणतो, मी माझे कर दिलेले ७ हजारच रॉथ खात्यात नेतो, त्यावर कर कसला? अमेरिकेचा कायदा त्याला तसे निवडू देत नाही. घागरीत ९३ भाग पाणी आणि ७ भाग दूध ओतल्यावर वरून एक तांब्या भरला, तर त्या तांब्यात निव्वळ दूध कसे येईल? त्याच प्रमाणाने हिशेब होतो. ७ हजारांपैकी ७ टक्के, म्हणजे ४९० डॉलर, करमुक्त. उरलेल्या ६ हजार ५१० डॉलरवर कर. दर २४ टक्के धरला तर १ हजार ५६२ डॉलर ४० सेंट. दुधाचे उरलेले ६ हजार ५१० डॉलर बुडाले असे नाही. ते मागच्या खात्यात शिल्लक राहिले आणि पुढील काळात थोडे थोडे वजा होतील. परंतु कर मात्र आज भरावा लागला, आणि तो कोणी सांगितलेला नव्हता.

निरनिराळ्या बँकांत निरनिराळी पारंपरिक खाती असली तरी कायदा ती सर्व मिळून एकच घागर समजतो, आणि मोजणी होते ती त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरच्या शिलकीवर. पतीची घागर मात्र वेगळी, पत्नीची वेगळी. मालकाच्या योजनेतील निधी, ज्याला ४०१(के) म्हणतात, तो या घागरीत धरला जात नाही. सबब उपाय असा की, नव्या मालकाची योजना बाहेरून आलेली रक्कम स्वीकारीत असेल तर ते ९३ हजार आधी तिकडे हलवावे, आणि घागरीत निव्वळ दूध उरल्यावर मग रूपांतर करावे. तसे केले आणि ३१ डिसेंबरला जुनी शिल्लक राहिली नाही, तर भरणा व रूपांतर यांच्यामध्ये जी थोडी वाढ झाली असेल तेवढ्यावरच कर लागतो. क्रम उलटला तर उपाय राहत नाही. कारण २०१८ पासून केलेले रूपांतर मागे फिरविण्याची सोय बंद झाली आहे. पेरणी झाल्यावर बियाणे बदलता येत नाही, तसाच हा प्रकार.

दुसरा खड्डा कागदाचा. वजावट न घेता भरलेल्या रकमेची नोंद करण्यासाठी अमेरिकेच्या करखात्याचा ८६०६ क्रमांकाचा एक नमुना आहे. ज्या वर्षी अशी रक्कम भरली त्या वर्षी तो विवरणपत्राबरोबर जोडावयाचा असतो. आज किती दूध ओतले, पूर्वीचे किती शिल्लक आहे, हे त्यात लिहिलेले असते. समजा, एखाद्याने २०१९ ते २०२२ या चार वर्षांत दरसाल ६ हजार याप्रमाणे २४ हजार डॉलर कर देऊन भरले, आणि एकाही वर्षी हा नमुना भरला नाही. वीस वर्षांनी पैसे काढताना त्या २४ हजारांवर कर दिलेला होता हे दाखविणारी नोंदच नाही. २२ टक्के दराने ५ हजार २८० डॉलर पुन्हा भरण्याची पाळी येईल. केवळ दोन पानांचा कागद न भरल्याचे हे मोल! समाधान एवढेच की, राहिलेला नमुना उशिरा भरता येतो. त्याबद्दलचा दंड ५० डॉलर आहे, आणि सबळ कारण दाखविल्यास तोही माफ होऊ शकतो. म्हणून ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी येत्या रविवारी दूरध्वनीवर बोलताना तब्येतीची चौकशी झाली की एवढे अवश्य विचारावे : बाळ, आठ-सहा-शून्य-सहा भरला आहेस ना?

आणखी एक प्रश्न विचारावा, तो परतण्याविषयी. पुष्कळ मुले पंधरावीस वर्षांनी आईवडिलांसाठी परत येतात. परत आलेला माणूस पूर्णार्थाने रहिवासी झाला की त्याच्या जगभरच्या उत्पन्नावर भारताचा कर लागतो. परंतु दीर्घकाळ परदेशी राहून आलेल्यास प्रारंभीची सामान्यतः दोन, क्वचित तीन वर्षे एक मधली स्थिती मिळते. तीत परदेशात निर्माण झालेल्या व परदेशातच प्रथम मिळालेल्या उत्पन्नावर येथे सहसा कर लागत नाही. त्यातही पैसा प्रथम तेथील बँकेत घ्यावा आणि मग इकडे पाठवावा, कारण जे उत्पन्न प्रथमच भारतात हाती येते त्याला ही सूट नाही. निवृत्ती खात्याचे रूपांतर अथवा त्यातून काढावयाची रक्कम यांचा विचार या काळात, किंबहुना परतण्याचे तिकीट काढण्यापूर्वीच, करणे शहाणपणाचे. रॉथ खात्यातून बाहेर येणारी रक्कम अमेरिकेत करमुक्त असली, तरी भारताच्या कायद्यात त्या खात्याला नावाने सूट देणारे कलम नाही, हे विसरता कामा नये.

येथे आपल्या सरकारने एक चांगली सोयही केली आहे. अशा खात्यातील वाढीवर भारत दरसाल कर मागे आणि अमेरिका पैसे काढताना मागे, त्यामुळे दोन देशांतील कर जुळत नसत. २०२१ च्या अर्थसंकल्पाने कलम ८९ ए आणले. अमेरिका, ब्रिटन व कॅनडा या तीन देशांतील निवृत्ती खात्यांसाठी, ठरलेला नमुना मुदतीत भरल्यास, तेथे ज्या वर्षी कर लागतो त्याच वर्षी येथे कर आकारला जावा असा पर्याय निवडता येतो. २०२५ च्या कायद्यातही या आशयाची तरतूद आहे. हा पर्याय एकदा स्वीकारला की पुढील वर्षांनाही तो बांधतो, म्हणून जाणकाराच्या लेखी सल्ल्यावाचून सही करू नये. पूर्ण रहिवासी झाल्यावर परदेशातील खाती विवरणपत्रात दाखविणेही सक्तीचे आहे. ती लपविल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाखांच्या दंडाची धास्ती राहते.

बंधुभगिनींनो, आता निष्कर्षाकडे येतो. सेलूच्या शाळेतील शिक्षिका आणि अमेरिकेतील अभियंता यांची खाती, देश आणि नाणी निराळी आहेत. परंतु दोघांनाही कायदा एकच गोष्ट सांगतो. वजावट घेतलेला पैसा एका बाजूला आणि कर दिलेला पैसा दुसऱ्या बाजूला, हा भेद कायद्याला ठाऊक आहे. तो सिद्ध करण्याचा भार मात्र तुमच्यावर आहे. सरकार तुमच्या वतीने तुमच्या हिताची आठवण ठेवील, अशी अपेक्षा करू नये.

सबब आमची एक साधी सूचना आहे. प्रत्येक घरात एक दोनशे पानी वही करावी. तीत पाच रकाने आखावेत : वर्ष, खात्याचे नाव, भरलेली रक्कम, वजावट घेतली की नाही, आणि तो कागद कोठे ठेवला आहे. शिक्षकाने त्या वर्षीचा नमुना क्रमांक १६, विवरणपत्राची प्रत आणि निवृत्तिवेतन खात्याचा वार्षिक उतारा असे तीन कागद एकत्र टाचून ठेवावेत. अमेरिकेतील मुलाने ८६०६ ची प्रत घरी पाठवावी. खात्यातील शेवटचा पैसा बाहेर पडेपर्यंत हे कागद फाडू नयेत. अर्धा तास पुरतो, आणि तोही वर्षातून एकदा.

ही वही घरातील स्त्रियांना ठाऊक असावी, ही आमची विशेष विनंती आहे. आपल्याकडे अजूनही पुरुषाच्या कपाटातील कागद पत्नीने पाहू नयेत अशी रीत आहे, आणि तो अकस्मात गेला म्हणजे तिच्यासमोर कुलूप आणि अंधार उरतो. कर दिलेल्या पैशाचा हक्क वारसाकडे जातो; अमेरिकेच्या कायद्यातही मृताच्या ८६०६ मधील शिल्लक वारसास मिळते. परंतु वारसाला तो कागद आहे हेच माहीत नसेल तर हक्क असून नसल्यासारखा. विधवेला मिळणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनातूनही वजावट आहे : जुन्या करपद्धतीत एक तृतीयांश अथवा १५ हजार, यांपैकी जी कमी असेल ती; आणि नव्या पद्धतीत २०२४-२५ पासून ती मर्यादा २५ हजार झाली. ही गोष्ट कित्येक भगिनींना कोणी सांगितलेलीच नसते.

मंडळाच्या कार्यकारिणीस शेवटी एक प्रार्थना. आपल्या ज्ञातीत निवृत्त बँक कर्मचारी आहेत, लेखापाल आहेत, करसल्लागाराकडे काम करणारे तरुण आहेत. दरसाल जून महिन्यात, विवरणपत्रे भरण्याच्या आधी, एक संध्याकाळ त्यांनी मंडळाच्या जागेत बसावे आणि ज्याला जी शंका असेल ती त्याने घेऊन यावी. गुणवंत विद्यार्थ्यांना बक्षिसे देऊन आपण पुढच्या पिढीचा मान करतो, तो योग्यच आहे. मागच्या पिढीने घाम गाळून साठविलेला पैसा तिच्याच कामी यावा यासाठी एक संध्याकाळ दिली, तर तोही समाजकार्याचाच भाग होईल.

जमिनीचा तुकडा भावकीने बळकावला तर आपण दहा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतो. कर दिलेल्या पैशावर पुन्हा कर गेला तर आपल्याला पत्ताही लागत नाही. पहिल्या बाबतीत जी जागरूकता आहे तिचा दहावा हिस्सा दुसऱ्या बाबतीत आला, तरी या भाषणाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.